आजी, मग तू काय केलंस?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी माझा तेरा वर्षांचा मुलगा ताटात अर्धी भाकरी टाकून उठला. बहुतेक घरांत जे म्हटलं जातं, तेच मी म्हटलं, "आजीला विचार एकदा, बहात्तरच्या दुष्काळात ती काय खात होती. मग कळेल भाकरीची किंमत." मुलानं मान खाली घातली, परत बसला आणि ती भाकरी पाण्याच्या घोटांबरोबर कशीबशी गिळली. सासूबाई समोरच जेवत होत्या. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. भांडी आवरताना मात्र हळूच म्हणाल्या, "माझा दुष्काळ पोराला मारायला वापरू नको गं. ऐकायचा असंल त्याला, तर मी सांगीन."

मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. या घरात येऊन मला सोळा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांचा दुष्काळ एकदाही पुरता ऐकला नव्हता. मुलांना गप्प करायला तो चांगला उपयोगी पडतो, एवढंच मला माहीत होतं. पायी शाळेत जाण्याची गोष्ट, कंदिलाखाली अभ्यास केल्याची गोष्ट, एका सदऱ्यावर वर्ष काढल्याची गोष्ट. आपण आईवडील या गोष्टी हातात छडी धरावी तशा धरतो. मग घरातली म्हातारी माणसं बोलायला लागली की मुलं कानात इअरफोन घालतात, आणि आपण म्हणतो, या पिढीला ऐकायची सवयच नाही.

त्याच संध्याकाळी आजी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मुलगा जवळ जाऊन बसला आणि त्याच्या मनात आलं ते त्यानं विचारलं. "दुष्काळात कसं होतं?" असं नाही विचारलं. त्या प्रश्नाला आजीचं ठरलेलं उत्तर आहे, "लई वाईट होतं बाबा." तो म्हणाला, "आजी, घरातली ज्वारी संपली, हे मला माहितीये. मग तू काय केलंस?"

आजी थांबल्या. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांचं माहेर तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, पाथर्डीच्या बाजूला. त्या वर्षी त्या तेरा वर्षांच्या होत्या, म्हणजे ऐकणाऱ्या नातवाच्याच वयाच्या. आधीची दोन वर्षंही पावसानं ओढच दिली होती, आणि बहात्तरला तर त्यानं तोंडच फिरवलं. आईबरोबर त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. पहाटे निघायचं, फडक्यात मिलोची भाकरी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. कामावर लहान पोरांना खायला सुकडी मिळायची, ती आजी भावासाठी पदरात बांधून आणायच्या. दिवसभर फोडलेल्या खडीचा ढीग लावायचा, संध्याकाळी त्याचं माप व्हायचं आणि मापाप्रमाणे पैसे. पाटलाच्या घरच्या बायकाही डोक्यावरून पदर पुढं ओढून त्याच रांगेत बसलेल्या. ज्यांनी जन्मात उंबरा ओलांडला नव्हता, त्यांच्याही हाताला घट्टे पडले.

इथपर्यंतचं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं होतं. त्यानंतरचं नव्हतं. एके दिवशी आजींच्या आईला ताप होता, हात चालत नव्हता, ढीग भरेना. शेजारच्या ढिगावरची मुलगी पाणी प्यायला गेली होती. आजींनी तिच्या ढिगातली दोन घमेली खडी उचलून आपल्या ढिगात ओतली.

"तिला कळलं?" मुलानं विचारलं.

"कळलंच असंल. ढीग बसला की दिसतं ना. पन ती काही बोलली नाही."

"मग तू काय केलंस? तिला सांगितलंस?"

"नाही सांगितलं," आजी म्हणाल्या, आणि परत शेंगा फोडू लागल्या.

मी दारात उभी होते. माझ्या जिभेवर दोन वाक्यं तयार होती. एक, "बघ, परिस्थिती माणसाला काय करायला लावते." दुसरं, "पण चोरी ती चोरीच, आजीलाही अजून वाईट वाटतं बघ." दोन्ही मी गिळली. आज वर्षभरानं वाटतं, आई म्हणून मी केलेल्या बऱ्या कामांत ते एक मोजायला हरकत नाही.

पालकहो, आपल्याला तात्पर्य सांगायची फार घाई असते. शाळेत इसापच्या प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं आपण वाचलं, आणि वाढत्या वयाबरोबर ती सवय हाडांत गेली. पण आजीच्या त्या दोन घमेल्यांचं तात्पर्य काय? मला अजून नीट सांगता येत नाही. मला एवढंच उमगलं की आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललेल्या एका भांडणाचं मूळ तिथं आहे. सासूबाई भाजीवालीशी घासाघीस करत नाहीत. वजन करताना ती काटा नीट धरते की नाही, हे बघतही नाहीत. घरकामाच्या ताईंचा खाडा धरू देत नाहीत. मी अनेकदा चिडून म्हटलंय, "आई, अशानं लोक फसवतात." त्या म्हणायच्या, "फसवू दे, मापात आपल्याकडं जास्ती नाही आलं म्हंजे झालं." हा मला भोळेपणा वाटायचा. तो भोळेपणा नव्हता. तेरा वर्षांच्या मुलीनं एका संध्याकाळी स्वतःशी काहीतरी ठरवलं होतं, आणि पन्नासहून अधिक वर्षं ती ते पाळत आली होती.

तत्त्वज्ञान हा शब्द आपण फार वरच्या फळीवर ठेवून दिलाय. गीता, ज्ञानेश्वरी, मोठे ग्रंथ, मोठी माणसं. पण प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे त्याचं स्वतःचं असं एक तत्त्वज्ञान असतं, आणि ते बहुतेक वेळा सवयीच्या रूपात असतं. कोणी दोरीचा तुकडा टाकत नाही, कोणी दवाखान्यात जायला तयार नसतं, कोणी पाहुण्याला उपाशी परत जाऊ देत नाही, कोणी कोणत्याच कागदावर सही करत नाही. आपल्याला सवय तेवढी दिसते, आणि ती कधी गोड वाटते, कधी त्रासाची. तिच्या मागची गोष्ट ऐकली तरच कळतं की हा या माणसाचा आयुष्याबद्दलचा निष्कर्ष आहे. मुलांना आयता निष्कर्ष दिला तर ती तो टाकून देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. निष्कर्ष कसा निघाला हे कळलं, तर ती स्वतःचा काढायला शिकतात.

माझे वडील त्याच दुष्काळातले. त्यांचं गाव सांगोल्याकडे, वय तेव्हा वीस. त्यांचा निष्कर्ष सासूबाईंच्या अगदी उलट. कर्ज काढायचं नाही, घरात वर्षाचं धान्य असल्याशिवाय झोपायचं नाही, आणि आधी आपलं, मग जगाचं. आम्ही फ्लॅटसाठी कर्ज काढलं तेव्हा ते दोन आठवडे माझ्याशी बोलले नव्हते. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आजही ज्वारीचं एक पोतं असतं. उन्हाळ्यात ते उघडून, ऊन देऊन परत भरतात. आम्ही भावंडं त्याला हट्टीपणा म्हणत आलो.

जूनच्या सुरुवातीला ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा नातवानं त्यांनाही तोच प्रश्न विचारला. आबांनी आधी नेहमीचं सांगितलं. बहात्तरला विहिरीच्या तळाशी पाणी होतं, अन्न नव्हतं. आता अन्न आहे, पाणी नाही. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यायला लागलं, हे ते प्रत्येक वेळी सांगतात. त्या पिढीची बरीच माणसं हा फरक असाच सांगतात. मग बैलांचं निघालं. चारा नव्हता, त्यांच्या वडिलांनी जोडी विकायला काढली, आणि बाजारात सगळेच विकायला आलेले, त्यामुळे भाव नाही. मिळतील त्या पैशांना बैल देऊन ते रात्री चालत परत आले, खांद्यावर नुसती दावी.

"तुम्ही काय केलंत आबा?"

"मी गेलोच नाही बाजारात," आबा म्हणाले. "वडील म्हणाले, चल. मी म्हणालो, पोट दुखतंय. पोट दुखत नव्हतं."

माझ्या वडिलांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले, पिंपरीला एका कारखान्यात लागले, आणि आयुष्यभर पगारातला ठरलेला हिस्सा गावाला पाठवत राहिले. त्या मनीऑर्डरींचा अर्थ मला त्या दिवशी लागला. ज्वारीच्या पोत्याचाही.

रात्री मुलगा माझ्याजवळ आला. "आई, दुष्काळ एकच होता ना? मग आजी म्हणते लोकांना मापापेक्षा जास्तच द्यावं, आबा म्हणतात आधी आपलं कोठार भरावं. बरोबर कोण?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." खरोखरच माहीत नव्हतं. तो थोडा वेळ बसला आणि मग गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी लिहायला लागला. ती पानं मी आजवर वाचलेली नाहीत. वाचायची इच्छा होत नाही असं नाही. पण घरातल्या दोन प्रेमाच्या माणसांनी एकाच संकटातून दोन उलटे धडे घेतले, आणि आता मधली वाट आपल्यालाच शोधायची आहे, हे त्याला कळलंय. तिथं मी हात घालू नये.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले होते. तुझे आईवडील कुठे वाढले, त्यांची भेट कशी झाली, घरात कधी मोठं दुखणं किंवा संकट आलं होतं का, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं, असे साधे प्रश्न. ज्या मुलांना यांतलं जास्त माहीत होतं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला, आणि आपल्या आयुष्यात आपलं काही चालतं, ही भावनाही. मात्र ड्यूक यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. उत्तरं पाठ करून घेतल्यानं काही होत नाही. ती उत्तरं ज्या बसण्या-बोलण्यातून मुलांपर्यंत येतात, ते बसणं-बोलणं महत्त्वाचं. म्हणून कृपा करून घरी जाऊन मुलांची परीक्षा घेऊ नका. आपल्याकडे चांगल्या गोष्टीचा क्लास व्हायला वेळ लागत नाही.

सांगणाऱ्यालाही सांगण्याची गरज असते. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञानं 1963 साली लिहिलं की उतारवयात माणूस आपलं आयुष्य परत परत चाळून बघतो, ते बुद्धी मंदावल्याचं लक्षण नाही. तो आयुष्याचा हिशेब जुळवत असतो. घरी आपण काय म्हणतो? "आई, हे तुम्ही मागच्या आठवड्यात सांगितलंत." मीही म्हणत होते. आता म्हणत नाही, कारण दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट पहिल्यासारखीच असते असं नाही, हे मला कळलंय. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी थोडं घरातल्या ऐकण्याबद्दल. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना त्या रचत गेल्या, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्तातले पितांबर चौधरी यांनी ते टिपून ठेवलं, म्हणून 1952 साली, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, ते पुस्तकरूपानं महाराष्ट्रापर्यंत पोचलं. उलट फलटणच्या बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' हे आपल्या समाजाचं आणि स्वतःचं जगणं त्यांनी दुकानात बसल्या बसल्या लिहिलं आणि सुमारे वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. मॅक्सिन बर्नसन या फलटणला राहून काम करणाऱ्या बाईंनी त्यांना छापायला प्रवृत्त केलं, तेव्हा ते उजेडात आलं. एकीला घरात ऐकणारं मिळालं, दुसरीला घरातूनच लपवावं लागलं. आपल्या घरात दुसऱ्या प्रकारचं काय काय दडलं असेल, याचा विचार मी हल्ली फार करते. विशेषतः बायकांचं.

म्हणून प्रश्न विचारायचा तर समोर फोन उभा करून, "हं, बोला आता," असं नको. हाताला काम असताना माणूस मोकळं बोलतं. मेथी निवडताना, वाती वळताना, संध्याकाळी कट्ट्यावर. आपण तिथून उठून गेलो तर आणखी चांगलं, कारण लेकासमोर किंवा सुनेसमोर जे निघत नाही, ते नातवंडांसमोर निघतं. सनावळ्या दुरुस्त करू नका. आबा सांगतात त्या बाजाराचा वार मंगळवार होता की शुक्रवार, यानं काही बिघडत नाही. एखाद्या ठिकाणी ती माणसं गप्प झाली तर गप्प राहू द्या. सगळंच उकरायचा हक्क आपल्याला नाही. घरात आजी-आजोबा नसतील तर शेजारचे निवृत्त मास्तर असतात, सोसायटीचे वयस्कर वॉचमनकाका असतात, गावाकडची आत्या असते. मुलं परदेशात असतील तर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "जेवलास का, अभ्यास झाला का"च्या पुढे जायला एक खरा प्रश्न पुरेल. वेळ ठेवायला हवा मात्र. या गोष्टी पाच मिनिटांत येत नाहीत.

आता सगळ्यांत अवघड. म्हातारी माणसं सांगतात त्यात सगळं मुलांच्या कानावर पडावं असं नसतं. जातीबद्दल, बायकांबद्दल, दुसऱ्या धर्माच्या माणसांबद्दल ती कधी असं काही बोलून जातात की आपल्या पोटात गोळा येतो. मग एकतर आपण विषय बदलतो किंवा मुलांसमोर त्यांना गप्प करतो. मी दोन्ही केलंय. दोन्ही वेळा मुलांनी लक्षात ठेवलं ते एवढंच की इथं काहीतरी लपवण्यासारखं आहे.

दिवाळीत धाकटीनं, ती दहा वर्षांची, आजीला म्हटलं, "दादाला सांगितलीस ती खडीची गोष्ट मला पण सांग." आजींनी सांगितली. तीच पहाट, तीच मिलोची भाकरी, तीच रांग. शेजारची मुलगी पाणी प्यायला गेली, इथपर्यंत आल्यावर धाकटीनं विचारलं, "ती पाणी प्यायला लांब का गेली? तिथंच माठ नव्हता का?"

मुलगा हे विचारायला विसरला होता. मीही.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माठ होता. तिला तिथलं चालत नव्हतं. त्यांना लांबून, वरून ओतायचे. कुणी ओतायला येईस्तोवर थांबायला लागायचं. म्हणून वेळ लागला तिला."

"का चालत नव्हतं?"

"चालत नव्हतं तेव्हा. खडी एका रांगेत फोडायचो, पाणी येगळं."

"मग तू काय केलंस?"

मी स्वयंपाकघरात होते. माझा हात आपसूक थांबला. आत जाऊन काहीतरी बोलावं, मुलीला हाक मारावी, असं फार वाटलं. नाही गेले. आजी म्हणाल्या, "मी काय केलं ते सांगितलंच की. तिचीच खडी घेतली. दुसऱ्या बाजूला पाटलाची सून होती, तिचा ढीग मोठा होता. तिचा नाही घेतला. हिचा घेतला, कारण ही कुणाकडं जानार होती सांगायला?"

पन्नास वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. दहा वर्षांच्या नातीनं माठाबद्दल विचारलं आणि ते बाहेर आलं. मी त्या रात्री मुलांना फक्त माहिती दिली, तीही त्यांनी विचारली म्हणून. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, हा विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह होता. त्यातून रोजगार हमीचा कायदा राज्यानं केला, आणि 2005 साली देशानंही तसा कायदा केला. आजी त्या 50 लाखांतली एक. आणि ती मुलगीही. दोघींना सरकारी मापानं सारखे पैसे मिळायचे, आणि तरीही पाणी वेगळं होतं. सन्मान कशानं मिळतो, नुसत्या कामानं का मिळत नाही, यावर मुलगा आणि मुलगी अंथरुणात पडल्या पडल्या बराच वेळ बोलत होती. मला त्यातलं थोडंच ऐकू आलं.

मला भीती होती की मुलांच्या मनातून आजी उतरतील. तसं झालं नाही. उलट धाकटी आता त्यांच्याजवळच झोपते. आपल्या मुलांना देवासारखी आजी लागते, हा आपला समज असतो. जिचं चुकलं आणि जिनं ते पुढं आयुष्यभर वागवलं, तिच्याशी मुलांना जास्त बोलता येतं, असं मला तरी दिसलं.

गेल्या महिन्यात मुलानं आजीला विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं?" आजींना आठवेना. त्या दिवसभर अस्वस्थ होत्या. जेवताना मध्येच हात थांबायचा. मी म्हटलं, "आई, जाऊ द्या, किती वर्षं झाली." त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी पहाटे, अजून नीट उजाडलंही नव्हतं, त्यांनी मुलाच्या खोलीच्या दारात उभं राहून त्याला हाक मारली. तो डोळे चोळत उठून बसला. आजींनी त्याला नाव सांगितलं, फक्त नाव, आणि त्या देवघराकडे गेल्या. मुलानं दिवा लावला, दप्तरातून गणिताची वही काढली आणि मागच्या पानावर ते लिहून ठेवलं.